एक काना

आमच्या गावाला दोन रस्ते होते, एक वर मिरजगावकडं जाणारा आणि एक खाली पाण्यात जाणारा. पाण्यात जाणारा रस्ता खरं तर जुन्या गावाचा. धरणाचं पाणी फुगत आलं तेव्हा जुनं गाव उठलं, माळावर नवं गाव बसलं, पण रस्ता कोण उचलून आणणार. तो तसाच राहिला, डांबरासकट, कडेच्या मैलाच्या दगडासकट, सरळ उतरत पाण्यात शिरणारा. पाणी चढलं की रस्ता आखूड व्हायचा, उन्हाळ्यात उतरलं की पुन्हा लांब. उन्हाळ्याच्या शेवटाला तर जुन्या घरांची जोतीसुद्धा वर यायची आणि आई पदर डोळ्याला लावून बोटानं दाखवायची, ती बघ आपली पायरी. परक्या माणसाला पाण्यात जाणाऱ्या रस्त्याचं हसू यायचं. आम्हाला तो बोटीचा धक्का होता.

आमची निम्म्याहून जास्त जमीन त्या पाण्याखाली गेली होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पिढीजात शेतकरी. त्यांना पोहतासुद्धा येत नव्हतं. पण पलीकडच्या, इंदापूरकडच्या काठाला जायला माणसांना वाट उरली नाही तेव्हा अण्णांनी एक लोखंडी बोट घेतली, तिला डिझेलचं इंजिन बसवलं आणि माणसांची ने-आण करू लागले. बाजारकरू, शाळेची पोरं, माहेराहून परत निघालेल्या बाया, कधी शेळ्या, कधी सायकली. पलीकडच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडून ते हे काम शिकले. त्या म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, "पान्यावर लांबलचक बोलायचं न्हाई. धर आन सोड, दोनच शब्द. धर म्हनलं की धरायचं, सोड म्हनलं की सोडायचं. इचार करत बसायचं न्हाई." अण्णांनी ते माझ्या भावाला शिकवलं. मला नाही शिकवलं. पोरीनं बोटीत बसायचं, बोट चालवायची नाही, असा त्यांचा हिशेब होता.

घरात दिवसभर इंजिनाचा आवाज भरलेला असायचा. आई चुलीपुढं भाकरी थापताना आवाजावरून सांगायची, आता पलीकडं लागली, आता निघाली, आता मधे आलीय, पाणी ठेव पाय धुवायला. संध्याकाळी चिलापीचं कालवण, काळा मसाला घातलेलं, आणि बाजरीची भाकरी. शेतकऱ्याच्या घरात मासा कुठून, म्हणून आजोळची माणसं नाक मुरडायची आणि मग दोन-दोन वाट्या ओरपायची. हिवाळ्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी काठाला उतरायचे, त्यांचा गलका पहाटे अंगणापर्यंत यायचा. अण्णा जेवताना बोलायचे ते टोमण्यातच. सरळ चांगलं म्हटलं तर माणूस बिघडतो असं त्यांना वाटत असावं. कालवण झकास झालं असलं की म्हणायचे, "आज मीठ घालायचं ध्यानात राह्यलं वाटतं." आई खूश व्हायची. तिला ते कळायचं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याची दहावी झाल्यावर अण्णांच्या छातीत कळा यायला लागल्या आणि दादानं बोट हातात घेतली. मला शिकवायचं हेही त्यानंच काढलं. मी बारावीला विज्ञानात चांगली पास झाले तेव्हा अण्णा म्हणाले, बास. दादा म्हणाला, "बोट मी चालवतो, घर मी बघतो. तिला नगरला जाऊ द्या." तिसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "जा. पन तुज्यामुळं घराला एक जरी बोल लागला तर त्याच दिवशी वह्या-पुस्तकं गुंडाळायची." मी नगरच्या सावेडीत चार मुलींबरोबर एका खोलीत राहायला गेले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते, आणि माझी सून हळूच हसते. हसू दे. तिला ते फुकट मिळालं, मला नाही.

नगरला जाऊन मी 'न्हाई'चं 'नाही' केलं होतं आणि सुट्टीत घरी आले की दादा मला 'मास्तरीण' म्हणून चिडवायचा. "मास्तरीण, भाकरी पाहिजे का पोळी?" असं. त्या वर्षी मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा अर्धी देऊन आले होते. काही कारणानं उरलेले पेपर पुढं गेले होते. दादाची सुपारी फुटली होती. मुलगी पलीकडच्या काठाची. शाळेत असल्यापासून आमच्याच बोटीनं ये-जा करायची, आणि आई म्हणायची तसं, ती बोटीत असली की इंजिन जरा हळू वाजायचं.

त्या उन्हाळ्यात बोटीचा तळ गंजून दोन ठिकाणी गेला. शाळा उघडायच्या आत ती वर काढून पत्रा जोडायला हवा होता, आणि वेल्डिंगवाला म्हणाला होता, बोट वर सपाटीला आणा, मी काही गाळात उतरत नाही. दरवर्षी बैलजोड्या लावून ओढायचे. पण त्या वर्षी पाणी फारच खाली गेलं होतं, उघडा पडलेला रस्ता शेवाळ आणि गाळानं गुळगुळीत झाला होता, आणि बैल पाय घसरून पडायला लागले. मग आईनं मिरजगावला तिच्या भावाला, आमच्या मामांना निरोप धाडला. मामांचा ट्रक होता. कांदा वाहायचे.

मामा सकाळी रिकामा ट्रक घेऊन आले. त्यांचा क्लीनर लग्नाला गेला होता. ट्रक उलटा उतरवायचा, मागचं काही दिसत नाही, खाली पाणी. मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू हो आज माझा क्लीनर. शिकलेली हायस, डावं-उजवं तरी कळत असंल." मी पदवीच्या वर्गातली मुलगी, ओढणी कंबरेला खोचली आणि ट्रकच्या बाजूला उभी राहिले. पहिल्यांदा म्हणाले, "या मामा, येऊ द्या, अजून या, थांबा हं." मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हे बघ पोरी, तुमी-आमी करत बसलीस तर तवर गाडी पान्यात जाईल. ड्रायव्हरला मान घरी द्यायचा. हितं येऊ दे, थांब, सोड. तोडून बोल." काठावरची माणसं हसली. मलाही हसू आलं, आणि खरं सांगते, मजा वाटली. मामांना, घरातल्या सगळ्यांत मोठ्या पाहुण्याला, मी भर गावासमोर एकेरीत हुकूम देत होते. "येऊ दे. येऊ दे. डावीकडं मार. थांब." शेजारचे नाना म्हणाले, "अण्णा, तुमची पोरगी कलेक्टर व्हनार." अण्णा काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांना आवडलं होतं.

बोटीच्या नाकाला साखळी बांधून ट्रकला अडकवली. बोटीखाली कडुलिंबाचे ओंडके घातले. दादा आणि चार माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून मागून खांदा लावत होती. मामांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, मी ओरडले, "सोड." मामांनी क्लच सोडला. साखळी ताणली, बोट इंचभर हलली आणि ट्रकची मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. गाळाच्या चिळकांड्या दादाच्या तोंडावर. रबर जळल्याचा वास. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उसाचं पाचट आणून चाकांखाली घातलं, ते चाकांनी मागं फेकून दिलं. नाना म्हणाले, "मामा, गाडी नाचवायला आनलीय का वढायला?"

मी तिथं उभी होते आणि मला उत्तर दिसत होतं. वर्गात शिकलेली गोष्ट अशी डोळ्यासमोर, चाकाएवढी मोठी होऊन आली होती. मी म्हणाले, "मामा, गाडीत दगड भरा."

"आँ?"

"मागच्या चाकांवर वजन नाही, म्हणून ती जमीन धरत नाहीत. वजन पडलं की धरतील."

"रिकामी गाडी चढंना आन भरलेली चढंल व्हय? ह्ये शिकवत्यात काय गं नगरला?"

माणसं पुन्हा हसली. दादा पाण्यातून वर आला, तोंडावरचा गाळ पुसला आणि म्हणाला, "भरा की दगड. मग शिकायला धाडली कशापायी तिला?" आणि स्वतःच पहिला दगड उचलायला निघाला. दगड जवळच होते, जुन्या गावच्या पडलेल्या भिंतींचे. घडीव, चिरेबंदी. तासभर माणसं वाहत होती. मी सांगत होते, पुढं नको, मागं टाका, चाकांच्या वर. टायरमधली थोडी हवाही काढायला लावली. मामा कपाळाला हात लावून बसले होते.

बोट एकदा चढाला लागली की लटकणार, म्हणून अण्णांनी आता आणखी एक दोर बोटीला बांधला आणि त्याचे दोन वेढे वरच्या मैलाच्या दगडाला घातले. दोराचं टोक दादाच्या हातात. बोट वर येईल तसा दादानं दोर आवळत जायचा. ट्रक थांबला तर बोट त्या दोरावर तोलून राहील. मामांच्या गाडीचा हँडब्रेक नावालाच होता. दादा मैलाच्या दगडाशी, मामा केबिनमध्ये, अण्णा बोटीच्या मागं ओंडके सरकवायला, आणि मी मधे. दादाला मामा दिसत नव्हते, मामांना दादा दिसत नव्हता. दोघांनाही माझा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"सोड," मी म्हणाले. त्या वेळी दोर अजून ढिलाच होता, दादाच्या हातात सोडण्यासारखं काही नव्हतंच. ट्रक बसका झाला, चाकांनी एकदा गाळ कापला आणि मग खालचं डांबर धरलं. बोट हलली. कुणीतरी शिट्टी मारली. बोट ओंडक्यांवरून कुरकुरत निम्मा रस्ता चढली, आणि मामा खिडकीतून माझ्याकडं बघून म्हणाले, "च्यायला, खरं हाय की."

आयुष्यात मला पुढं बरीच शाली-श्रीफळं मिळाली. त्या 'च्यायला'ची सर कशालाच आली नाही.

निम्म्यावर मागचा ओंडका तिरपा होऊन अडकला. मी "थांब" म्हणाले. ट्रक थांबला, बोटीसकट हातभर मागं सरकला, बोट दादाच्या दोरावर तोलून राहिली आणि ट्रक आणखी जरासा मागं आला. साखळी ढिली पडली. अण्णा मागं वाकून ओंडका ओढत होते, पण बोट जराशी पुढं गेल्याशिवाय तो निघणार नव्हता. त्यांनी बोटीखालूनच हाक दिली, "लावा गाडी." मामांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "सोड."

मामांसाठी म्हणाले. सकाळपासून म्हणत होते तसंच. एरवी, माझ्या रोजच्या जिभेनं, मामांना मी 'सोडा' म्हटलं असतं. घरात 'सोड' मी एकाच माणसाला म्हणायचे, दादाला. आणि दादाला लहानपणापासून शिकवलेलं होतं की सोड म्हटलं की सोडायचं, विचार करत बसायचं नाही. त्यानं दोर सोडला.

बोट मागं निघाली. दादाला त्याच क्षणी बोटीखाली अण्णांची पाठ दिसली असणार. त्यानं पळणारा दोर पुन्हा धरला. धरला म्हणजे हाताला वेढा घेऊन धरला, आणि दोरानं त्याचा उजवा हात मैलाच्या दगडाशी ओढून नेला. बोट थांबली. अण्णांच्या टाचेला नुसतं खरचटलं. तेवढ्यात मामांचा क्लच वर आला, चाकांनी रस्ता धरला, साखळी ताणली आणि बोट एका दमात, कुठंही न अडकता, वर सपाटीपर्यंत गेली. मी टाळ्या वाजवत "येऊ दे, येऊ दे" करत ट्रकच्या बाजूनं पळत होते. दादाच्या तोंडून आवाजच निघाला नव्हता. वर पोहोचल्यावर मी त्याला सांगायला मागं वळले, तर तो मैलाच्या दगडाला टेकून बसला होता आणि आई त्याच्याकडं धावत होती.

त्याला त्याच ट्रकमधून नगरला नेलं. दगड उतरवायला वेळ नव्हता. साखळी सोडली, टायरमध्ये हवा नाही, मागं जुनं गाव भरलेलं, आणि गाडी काही केल्या वेग घेईना. मी केबिनमध्ये दादाचा हात आईच्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता. प्रत्येक चढाला मामा शिव्या घालत होते, दगडांना. डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणलं असतं तर एखाद-दोन बोटं वाचली असती. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी अण्णा खाटेशी उभे राहिले आणि विचारलं, "दोर सोडलास कशापायी?"

दादानं छताकडं बघितलं. "घाम आल्ता हाताला. सुटला."

"सुटला?"

"व्हय. सुटला."

अण्णा बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "दादा, मी सोड म्हणाले ते..."

"गप. तुजं पेपर कधी हायत?"

"सोमवारपासून."

"मग जा खोलीवर. हितं काय करतीस."

मी गेले. हे लिहिताना हात थांबतो, पण गेले. पेपर दिले. त्यात घर्षणावर प्रश्न आला होता, तो पूर्ण सोडवला.

पलीकडची माणसं महिन्याभरानं आली. बोट दुरुस्त झाली होती, अण्णांनीच त्यांना आणलं. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि जाताना म्हणाले, मुलीचं यंदा करायचं नाही असं ठरतंय. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, दुसरीकडं. दादानं पुन्हा कुणाला पाहायला जाऊ दिलं नाही. बोटीवर एका हातानं दोर फेकता येत नाही, बांधता येत नाही. दोन वर्षांनी बोट विकली आणि दादा गावच्या पाण्याच्या मोटारीवर राखणीला लागला. बटण चालू, बटण बंद. ते काम अंगठ्यानं होतं.

आणि अण्णा त्याला बोलत राहिले. रोज नाही, पण जेवताना हटकून. "दोर धरता आला न्हाई, घास बरा धरता येतो." कधी पाहुण्यांसमोर, "बापावर बोट सोडली ह्या भाद्दरानं." दादा डाव्या हातानं भाकरी मोडत राहायचा. आई म्हणायची, "पुरे करा की." मी दिवाळीला, उन्हाळ्यात घरी असायचे, पंक्तीत बसलेली असायचे. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नगरच्या शाळेत लागले, लग्न झालं. दर सुट्टीला ठरवून जायचे की यंदा अण्णांना सांगायचं. आणि दर सुट्टीला 'वह्या-पुस्तकं गुंडाळायची' हे आठवायचं. गुंडाळायला काही उरलं नव्हतं तरी आठवायचं. भित्र्या माणसाला कारण पुरतं. वर्गात मी मुलांच्या वह्या तपासायचे. वेलांटी चुकली तर सोडून द्यायचे, काना राहिला असेल तर लाल शाईनं गोल करायचे. मुलं म्हणायची, बाईंना कान्याचं फार.

अण्णांना झटका आला तेव्हा त्यांची वाचा गेली. दादाच त्यांचं सगळं करायचा, डाव्या हातानं भरवायचा, अंथरूण बदलायचा. मी रजा टाकून गेले. एका दुपारी दादा मोटारीवर होता, आई निजली होती. मी अण्णांच्या कानाशी बसले आणि सांगून टाकलं. "अण्णा, दादाच्या हातून दोर सुटला नव्हता. सोड मी म्हणाले होते. मामांना म्हणाले, त्यानं ऐकलं." अण्णांनी डोळे मिटून घेतले. कळलं की नाही, मला कळलं नाही. चार दिवसांनी ते गेले.

दहाव्याला नदीवरून आल्यावर दादा आणि मी परसात बसलो होतो. मी त्याला म्हणाले, "मी अण्णांना सांगितलं. फार उशिरा सांगितलं, पण सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सोड मी म्हणाले होते ते."

तो पायाचा अंगठा मातीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्येंना ठाव हुतं."

"तू सांगितलंस?"

"मी कशाला सांगू. बोटीखालीच हुते की ते. तुजा आवाज मला आला तसा त्येंनाबी आला."

मी म्हणाले, "मग तुला का बोलायचे? इतकी वर्षं?"

"तुला बोलले असते तर तुला घरी बसवावं लागलं असतं. तसा शब्दच दिल्ता त्येंनी." दादानं डाव्या हातानं अंगावरचं उपरणं सारखं केलं. "बापाला राग येतोय मास्तरीण. कुनाला तरी बोलावं लागतंय."

दादालाही जाऊन आता दोन वर्षं होतील. या गोष्टीतलं कुणीच उरलं नाही, म्हणून लिहून काढते आहे. बाकी सगळ्याचा मी हिशेब लावला आहे, एवढं एक लागत नाही. त्या सगळ्या पंक्तींत, अण्णा दादाला बोलत असताना, मी त्यांच्या समोरच बसलेली असायचे, हातभर अंतरावर. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटायचं, बरं झालं, त्यांना माझा संशय नाही.